मळीबरोबर किती रस जातो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीतल्या मैत्रिणीलाही नाही. वहीत लिहायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा पान फाडलं, कारण चार ओळी झाल्या की मी आपोआप स्वतःची बाजू मांडायला लागायचे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. आता लिहायला बसल्यावर तसं वाटत नाही. तरी सांगते.

आधी मामीबद्दल सांगायला हवं. नाही — आधी मामांबद्दल. कारण मी जे केलं ते मामांच्या बाबतीत केलं, मामीनं ते फक्त भोगलं.

माझे मामा गुळव्या आहेत, म्हणजे गुऱ्हाळावर गूळ शिजवणारे. बिद्रीच्या पुढे त्यांचं गाव. तिकडचा बहुतेक ऊस कारखान्याला जातो, पण थोडी गुऱ्हाळं अजून चालतात आणि दिवाळीनंतर मामांना तिथं मागणी असते. गुऱ्हाळ बघितलं नसेल तर सांगते. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळायला लागला की त्यात रानभेंडीचं चिकट पाणी ओततात. ते पाणी रसातली सगळी घाण धरून वर आणतं. ती घाण म्हणजे मळी. मोठ्या झाऱ्यानं ती काढून टाकायची. पहिली मळी काळपट आणि दाट असते, ती बिनघोर काढता येते. मग फेस पांढरट व्हायला लागतो आणि तिथं मामांचा हात मंदावतो. कारण तिथून पुढं प्रत्येक झाऱ्यात मळीबरोबर चांगला रसही जायला लागतो. कुठं थांबायचं हे कोणत्या पुस्तकात नाही. नवी माणसं रंगाच्या नादानं काढतच राहतात, गूळ दिसायला देखणा होतो आणि रवे, म्हणजे ढेपा, कमी भरतात. मामा त्यांना शिव्या देत नाहीत. झारा हातातून काढून घेतात फक्त.

दहावीनंतर मी मामांकडे राहायला आले. आमच्या घरात आणि त्यांच्याही घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. रोज सकाळच्या एसटीनं कोल्हापूर, संध्याकाळी परत. माझा डबा मामी भरायची. मायक्रोबायोलॉजी म्हणजे काय हे तिनं एकदाच विचारलं होतं. मी म्हटलं, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा अभ्यास. ती म्हणाली, "आणि ते हायत हे कळतंय कसं गं तुम्हास्नी?" आमच्या वर्गात असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आता वाटतं, त्या घरातली दोन्ही माणसं नेमका प्रश्न विचारण्यात माझ्यापेक्षा कितीतरी पुढं होती. मला ते तेव्हा का दिसलं नाही? की दिसत होतं, आणि मान्य करायचं नव्हतं?

मामीच्या मानेत गाठी आल्या तेव्हा मी अकरावीत होते. रक्तातल्या एका प्रकारच्या पेशींचा कॅन्सर होता. औषधं झाली, केस गेले, केस आले, सगळं नीट झालं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तो परत आला, आणि या वेळी हाडांच्या आतल्या मज्जेपर्यंत पोचला होता. पुन्हा औषधं देऊन तो बराच कमी केला. मग डॉक्टर म्हणाले, आता बोन मॅरो ट्रान्सप्लांट. दुसऱ्या कुणाचा नाही, तिचाच. कमरेच्या हाडातून तिची मज्जा काढून ठेवायची, मग इतकं जहाल औषध द्यायचं की शरीरातला उरलासुरला कॅन्सर मरेल. त्यात हाडांत राहिलेली मज्जाही मरते, म्हणून काढून ठेवलेली परत घालायची.

मामी म्हणाली, "माझंच काढून मलाच घालायचं? मग काढायचं कशाला?"

मी समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात मामाच म्हणाले, "आगं, फड पेटवायच्या आदी बेणं बाजूला काढून ठेवतोय न्हवं? तसं." तिला कळलं. लागणीसाठी राखलेला ऊस म्हणजे बेणं; मलाही त्याहून चांगलं सांगता आलं नसतं. पण तिनं लगेच पुढचं विचारलं, "आणि बेण्यातच कीड असली तर?"

हाच तो मुद्दा. कॅन्सर मज्जेत होता, म्हणजे काढून ठेवलेल्या मज्जेतही त्याच्या थोड्या पेशी असणार. त्या तशाच परत घातल्या तर? म्हणून कधीकधी मज्जा परत घालण्याआधी साफ करतात. मामीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं अंगणातल्या बाजेवर बसून शेंगा सोलता सोलता ते ओळखलं.

आता त्या सोमवारकडे यायला हवं. बघा, मी अजूनही टाळते आहे.

मामीवर उपचार चालले होते त्या शहरातल्या दवाखान्यात सगळीकडे मी पुढं असायचे. फाइल माझ्या हातात, फॉर्म मी भरायचे, रिपोर्ट मी वाचायचे. आमचे मोठे डॉक्टर परराज्यातले होते, इंग्रजीत बोलायचे, थोडं हिंदी. फार चांगला माणूस. घाईत कधी नसायचे, मामीच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसायचे. ते माझ्याशी बोलायला लागले की वॉर्डातले इतर नातेवाईक माझ्याकडे बघायचे. ते बघणं मला आवडायचं. खरं सांगायचं म्हटलं आहे तर हेही सांगते — मामी आजारी होती आणि मला त्या दिवसांत स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं.

सोमवारी दुपारी त्यांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. मामा, मामी, मी. त्यांच्या बाजूला शिकाऊ डॉक्टर दोघे. माझ्याहून फार मोठे नसतील, इस्त्रीचे कपडे, फाडफाड इंग्रजी. मोठ्या डॉक्टरांनी सगळं शांतपणे समजावलं. मज्जा साफ करायची असेल तर तशी सोय आहे. कॅन्सरच्या पेशी ओळखून त्यांना चिकटणारे अतिसूक्ष्म लोहकण मज्जेत मिसळायचे, मग ती मज्जा चुंबकातून जाऊ द्यायची. चिकटलेल्या पेशी मागे राहतात, बाकीची मज्जा पुढं जाते. पण — हे त्यांनी दोनदा सांगितलं — या साफसफाईत चांगल्या पेशीही थोड्या जातात. मग त्या शरीरात जाऊन रुजायला जास्त दिवस घेतात, आणि तेवढे दिवस पेशंटला कोणताही जंतू भारी पडू शकतो. साफ न करता घातली तर लवकर रुजेल, पण कॅन्सरच्या काही पेशी परत जाण्याची भीती. यातलं काय बरं हे आम्हीही खात्रीनं सांगू शकत नाही. तुम्ही आपसात बोला, विचारा, ठरवा.

मला हे समजलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण समजलं होतं. शब्द न् शब्द.

मी मामांकडे वळले आणि लोहकण आणि चुंबकाची गोष्ट सांगितली. हात हलवून, रंगवून सांगितली. महिन्याभरापूर्वी एका पुस्तकात हे प्रकरण वाचून मी हरखून गेले होते. डोळ्यांना न दिसणारी एक पेशी, तिला बरोबर ओळखून पकडणारा तेवढाच बारीक कण — माणसानं हे शोधून काढलं यावर विश्वास बसत नव्हता. अजूनही बसत नाही. आणि ते माझ्या मामीसाठी, माझ्या डोळ्यांदेखत होणार होतं. डॉक्टरांच्या बोलण्याचा दुसरा अर्धा भाग मी सांगायचा ठेवला. आधी पहिला नीट समजू दे, असं मनाशी म्हटलं बहुतेक. मला नक्की आठवत नाही.

मामांनी सगळं ऐकलं. मग उजव्या हातानं हवेत झारा फिरवल्यासारखं केलं — काहिलीवरून मळी ओढतात तसं — आणि म्हणाले,

"मळी काढताना रसबी थोडा जातोयच की. हेंचा किती जातोय, इचार त्यास्नी."

त्या दोघांतला एक शिकाऊ डॉक्टर मामांच्या हाताकडे बघून हसला. आज विचार करते तेव्हा वाटतं, तो कौतुकानंही हसला असेल. तेव्हा मला तसं वाटलं नाही. मला दिसला तो मामांचा पंजा, काहिलीच्या वाफेनं भाजून भाजून काळा पडलेला, त्या स्वच्छ टेबलावर हवेत फिरणारा. माझे कान तापले. मोठे डॉक्टर पुढं झुकून म्हणाले, काय विचारताहेत ते?

बघा, उत्तर किती सोपं होतं. डॉक्टरांनी दोनदा सांगितलेली आणि मी अजून न सांगितलेली गोष्ट मामांनी स्वतःच शोधून काढली होती. मला फक्त ती इंग्रजीत म्हणायची होती. किंवा काही न म्हणता डॉक्टरांचं बोलणं मामांना सांगायचं होतं.

मी इंग्रजीत म्हणाले, ते विचारताहेत, साफ करायला किती वेळ लागेल.

डॉक्टर म्हणाले, साधारण अर्धा दिवस.

मी मामांना म्हणाले, "काही जात नाही म्हणतायत. मशीन आहे मामा, गुऱ्हाळ नव्हे."

मामांनी हात खाली घेतला. "बरं," म्हणाले. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.

डॉक्टरांना काहीतरी खटकलं असावं. त्यांनी विचारलं, मराठीत नीट समजावायला सिस्टरना बोलावू का? मी म्हटलं, गरज नाही, मी सांगितलंय सगळं. मग त्यांनी विचारलं, काय ठरलं यांचं? काय ठरलं होतं? काहीच नाही. कुणी कुणाला काही विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, साफ करायचं म्हणतायत.

कागद आला. मामीला सही मीच शिकवली होती, बारावीच्या सुट्टीत. ती अक्षरं सुटी सुटी काढते आणि शेवटच्या अक्षरावर जरा थांबते. मी बोट ठेवलं तिथं तिनं सही केली. "बरुबर आली का गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, छान आली.

एवढंच असतं तर कदाचित मी स्वतःला सांगितलं असतं की एका क्षणाची लाज होती, होऊन गेली. पण मध्ये दोन दिवस होते.

मज्जा गुरुवारी काढायची होती. बुधवारी मी हट्टानं प्रयोगशाळा बघायला गेले. तिथं शबानाताई म्हणून तंत्रज्ञ होत्या, आमच्या कोल्हापूरकडच्याच. मज्जा साफ करायचं काम त्या करायच्या. आत जायला परवानगी नव्हती, त्या काचेबाहेर येऊन माझ्याशी बोलल्या. मी इतकं हातानं जपून काम करणारं माणूस मामांनंतर पहिल्यांदाच बघत होते. त्या म्हणाल्या, एकदा मज्जेची पिशवी हातात आली की संपेपर्यंत जेवत नाही, पाणीसुद्धा नाही, कारण बाहेर गेलं की परत सगळं धुऊन, बदलून यावं लागतं आणि तेवढ्या वेळात पेशी थकतात. 'थकतात' हा त्यांचा शब्द. पिशवीवर नंबर असतो, नाव त्यांना माहीत नसतं. तरी पिशवीला त्या "बाळ" म्हणायच्या. बाळ आलं, बाळाला थंड ठेवा. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

मग त्या, मी काही न विचारता, म्हणाल्या, "चांगल्या पेशीपण जातात गं थोड्या. कितीबी जपून केलं तरी जातातच. जास्त धुतलं की जास्त जातात. थांबायचं कुठं, तेच खरं काम."

मी काचेला हात लावून उभी होते. तुम्हाला काय सांगू. तेच वाक्य होतं. गुऱ्हाळावर दहा वेळा ऐकलेलं, सोमवारी त्या खोलीत विचारलेलं. इतक्या मोठ्या दवाखान्यात, पांढऱ्या टोपीत, एक शिकलेली बाई मामांचंच वाक्य बोलत होती.

मी खाली आले. जिन्याजवळच्या बाकावर मामा भाकरी खात बसले होते. फडक्यात ठेचा, एक कांदा. त्यांनी सरकून मला जागा केली.

"बघिटलंस व्हय मशीन?"

त्या वेळी सगळं सांगता आलं असतं. अजून काहीच झालं नव्हतं. दोन मजले वर डॉक्टर बसले होते. मामा, तुमचा प्रश्न मी विचारलाच नाही — एवढं एक वाक्य. मामा रागावले नसते. ते उठले असते, हात धुतले असते आणि म्हणाले असते, चल, आता इचारूया. म्हणून तर मला सांगता आलं नाही का? पुन्हा त्या खोलीत जायचं, त्या दोन शिकाऊ डॉक्टरांसमोर कबूल करायचं की मी खोटं भाषांतर केलं — ते मला जमलं नसतं. मामीचा जीव एका बाजूला आणि माझी ती लाज एका बाजूला होती, आणि मी लाज जपली.

मी म्हणाले, "लई भारी आहे, मामा."

ते म्हणाले, "मग झालं तर," आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.

गुरुवारी मज्जा काढली, साफ केली, गोठवून ठेवली. मामीला ते जहाल औषध दिलं. मग एके सकाळी तिची मज्जा परत तिच्या शिरेतून सोडली. गोठवताना घातलेल्या औषधाचा एक वास येतो, लसणासारखा. सगळी खोली त्या वासानं भरली. मामी डोळे मिटून पडली होती, ओठ फुटलेले होते, आणि ती पुटपुटली, "कोण फोडणी द्यायलंय गं?" नर्ससुद्धा हसली.

मग वाट बघणं. मज्जा रुजली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढायला लागतात, आणि रोज सकाळी तो आकडा येतो. मामी काचेमागच्या खोलीत एकटी. आम्ही तोंडाला मास्क लावून, एका वेळी एकच, तेही थोडा वेळ. ती रोज विचारायची, "आज किती?" दोन आठवडे झाले, आकडा तसाच. तिसरा आठवडा संपत आला, तसाच. तिच्या शेजारच्या खोलीतला पेशंट तिच्यानंतर येऊन तिच्याआधी घरी गेला. तिनं काचेतून त्याला हात केला आणि मला म्हणाली, "जाऊ दे, आमचं बेणं जरा आळशी हाय."

मला तिचं कौतुक किती आणि कसं करावं कळत नाही. तोंडात फोड, गिळता येत नाही, ताप चढतोय, आणि ही बाई झाडलोट करायला येणाऱ्या मावशींच्या मुलीचं लग्न कुठं जमेल याचा विचार करते. रोज त्यांना एक नवीन स्थळ सुचवायची. एकदा मी तिला रडताना बघितलं. मला बघून म्हणाली, "डोळ्यात औषध गेलं." खोलीत डोळ्यांचं औषध नव्हतं.

आणि मामा. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा ऐन हंगामात काहील सोडली. लोक फोन करायचे, ते म्हणायचे, दुसरा बघा पावणं, मला यायला जमायचं न्हाय. रोज त्याच बाकावर. मी आकडा घेऊन खाली आले की माझ्या तोंडाकडे बघायचे.

एक दिवस डॉक्टर फेरीला आले तेव्हा मामा काचेबाहेर माझ्याशेजारी उभे होते. डॉक्टर मला म्हणाले, उशीर होतोय, पण आपण बोललो होतो तसंच आहे, साफ केलेल्या मज्जेला वेळ लागतो. 'आपण बोललो होतो.' ते माझ्याकडे विश्वासानं बघत होते. मामांनी विचारलं, "काय म्हंत्यात?"

मी म्हणाले, "होतो म्हणे उशीर, कधीकधी."

खोटं भाषांतर हे दुसऱ्यांदा. या वेळी लाजेला कारण होईल असं तिथं कुणी हसतही नव्हतं.

त्या दिवसांत मामीच्या उजव्या कानात जंतूंनी घर केलं. पांढऱ्या पेशीच नव्हत्या, तर लढणार कोण? औषधं बदलली, पुन्हा बदलली. चार दिवस ती आम्हाला ओळखत नव्हती. पाचव्या आठवड्यात आकडा हलला. आधी थोडा, मग दुसऱ्या दिवशी दुप्पट. शबानाताई जिना उतरून खाली आल्या आणि मामांना म्हणाल्या, "काका, बाळ रुजलं." मामांनी त्यांच्यापुढं हात जोडले आणि मग त्यांना चहा प्यायला घेऊन गेले.

मामी घरी आली. कॅन्सर परत आलेला नाही, आता दोन वर्षं होऊन गेली. उजवा कान मात्र गेला.

आता तुम्ही म्हणाल, बरी झाली ना? साफ केलं म्हणूनच कदाचित वाचली. मीही हे स्वतःला सांगून बघितलं आहे. ते खरंही असेल. साफ न करता घातली असती तर महिनाभर आधी घरी आली असती आणि कान शाबूत राहिला असता, हेही खरं असेल. आणि वर्षभरात कॅन्सर परत आला असता, हेही. डॉक्टरांनाच माहीत नव्हतं, मला कुठून कळणार? पण म्हणूनच तर त्यांनी ते मामीला विचारलं होतं. देह तिचा होता. आणि काय गेलं तर चालेल, किती गेलं तर चालेल, कुठं हात थांबवायचा — हे ठरवायचं काम ज्यानं आयुष्यभर केलं, तो माणूस तिच्या शेजारी बसला होता. मी त्या दोघांना त्या खोलीतून बाहेर काढलं आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसले. मला मशीन बघायचं होतं. माझा निर्णय बरोबर आला असेल तरी तो माझा नव्हता.

अजून एक आहे. हे लिहायला सगळ्यात जड जातंय, आणि खरं तर ते सगळ्यात लहान आहे.

तिसऱ्या वर्षी आम्हाला कॉलेजात सेमिनार द्यायचा होता. मी हाच विषय घेतला. सुरुवातीला फळ्यावर काहील काढली आणि म्हणाले, उसाच्या रसातली मळी काढताना थोडा रस जातोच, तसंच हे आहे. पोरं सावरून बसली. सर उठून पुढं आले. म्हणाले, इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं, कुठून सुचलं तुला? मी म्हणाले, असंच सुचलं, सर.

पहिला नंबर आला. मामांनी ते सर्टिफिकेट निपाणीला जाऊन काचेत बसवून आणलं. कुणी आलं की त्याकडे बोट दाखवून सांगतात, आमच्या रेश्मानं डॉक्टरास्नी विंग्रजीत सगळं इचारलं, म्हणून ही आज दिसतीया. पाहुणे माझ्याकडे वळून बघतात. आता आसपासच्या गावांतून कुणालाही मोठ्या दवाखान्यात जायचं असलं की मला न्यायला येतात. मी जाते. डॉक्टर बोलतात ते सगळं सांगते, आणि माणसं विचारतात ते सगळं विचारते, कितीही वेडंवाकडं वाटलं तरी. यानं काही फिटतं असं मी म्हणत नाही. ती दुसरी माणसं आहेत.

गेल्या महिन्यात घरी गेले होते. मामी उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. मामा गुऱ्हाळावर गेले होते. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. सोमवार, मामांचा प्रश्न, मी दिलेलं उत्तर, बाक, भाकरी, डॉक्टर दुसऱ्यांदा म्हणाले ते. हळू आवाजात, सलग, न थांबता. मी तिच्या उजव्या बाजूला बसले होते. चुकून नाही. अंगणातून येताना मी बघून, ठरवून त्या बाजूला बसले होते.

ती मेथी निवडत राहिली. माझे ओठ हलताना तिला दिसले असावेत. तिनं मान वळवून डावा कान माझ्याकडे केला आणि म्हणाली, "काय म्हणालीस गं?"

मी म्हणाले, "काही नाही."